दुसरं बाळंतपण सासरचं

आप्पा, तुमच्या फोटोला हार घालायला मी येत नाही, हे सगळ्या भावकीला ठाऊक आहे. का येत नाही ते कुणी विचारत नाही. तुम्ही तरी ऐका. आता तुम्हाला मध्येच उठून जाता येणार नाही.

ताई भाऊबिजेला पाबळहून माहेरी आली होती, आठवा महिना सरत आलेला. पहिलं बाळंतपण आपण केलं होतं आणि बारशाच्या मानपानावरून व्याह्यांशी तुमचं वाजलंही होतं. त्या सकाळी तिला रक्त जायला लागलं. भांडगावच्या आपल्या अंगणात जीप उभी आहे, दौंडचा दवाखाना जवळ आहे, आणि तुम्ही बाजेवर बसून पान लावताय. "पहिलं आपण केलं. दुसरं त्यांचं हाय. जावयाला सांगावा धाडलाय, यील आन् नील." आईनं खुंटीवरची चावी काढली, तर मान वर न करता म्हणालात, "चावी ठेव. ह्या घरात मी म्हणंन तेच हुईल." आईनं ठेवली. दुपारी जावई आला तेव्हा ताईचे ओठ पांढरेफटक पडले होते. दौंडच्या वाटेवर, पाटस यायच्या आत ती त्याच्या गाडीतच गेली, पोटातल्या बाळासकट. तेराव्याला तुम्ही लोकांना सांगत होता, देवाची मर्जी. देवाला कशाला मध्ये घेतलंत? मर्जी तुमची होती.

मी आता सरकारी आशा सेविका आहे, गरोदर बायकांना वेळेत दवाखान्यात पोचवायचं माझं काम. रस्ते झाले, फोन केला की रुग्णवाहिका येते, म्हणून वाटलं होतं तुमच्यासारखे संपले. कुठले संपतात! परवा एका घरी दुसऱ्या खेपेची पोर, पाय सुजलेले, बीपी चढलेलं, डोळ्यांपुढे काजवे. गाडी दारात आणि बाप उंबऱ्यात आडवा. "दुसरं हाय बाई. सासरचे येत्यात." मी त्याला बीपी समजावलं, धोका समजावला, हातही जोडले. तो हलेना. मग माझ्या तोंडून निघालं, "बाजूला व्हा. आज ह्या घरात मी म्हणंन तेच हुईल." तुमचंच वाक्य, तुमच्याच आवाजात. म्हातारा गपकन बाजूला झाला. दौंडला पोर सुटली, दोघंही सुखरूप आहेत.

हे पत्र मी चुलीत घालणार आहे. तुमचा आवाज माझ्या गळ्यातून निघाला तेव्हा मला बरं वाटलं, आणि ते तुम्हाला कळायला नको.