बाजूचे भोंगे बंद

६ मार्च, शुक्रवार

मामाचा पिक्चर लागला! आमच्याच थेटरात! आणि दारावर तिकिटं फाडायला कोण? मी!

सहा महिने झाले नोकरीला, आज पहिल्यांदा शर्टाला इस्त्री केली. बाराच्या शोला घरचे सगळे आले. आई, बाबा, मामी आणि मधोमध मामा — नवरदेवच! तीस वर्षं नाटकात लोकांना हसवून हसवून खुर्चीवरून पाडलंय त्यानं, पण पिक्चर पहिलाच. त्याचं तिकीट फाडताना मी विचारलं, "काका, वय अठराच्या वर आहे ना?" त्यानं टपली मारली. "कार्टे, दार सांभाळ! गर्दी आवरणार नाही तुला."

पोस्टरवर सहा जण आहेत. सहाच्या सहा असे की नुसते खोकले तरी लोक हसतात. मामा पोस्टरवर नाही, पण आत आहे. इंटरव्हलच्या आधी, अडीच मिनिटं. तिजोरी उघडायला बोलावलेला चावीवाला.

मी दाराच्या फटीतून बघत होते. आता हसतील, मग हसतील... कसलं काय! एकदाच मोठा हशा झाला. तोसुद्धा कुणाचं तरी पॉपकॉर्न सांडलं म्हणून.

मामा पडद्यावर आला तेव्हा मी टाळ्या वाजवायला हात वर केले होते. तसेच खाली घेतले. कुणी हूं नाही की चूं नाही. एक माणूस तर नेमका तेव्हाच उठून लघवीला गेला. त्याला परत आत सोडताना मुद्दाम त्याच्या पायावर पाय दिला.

इंटरव्हलला मामा बाहेर आला. "डोकं दुखतंय गं," म्हणाला आणि चालायला लागला. माझ्याकडे बघितलं नाही.

७ मार्च, शनिवार

वाईट बातमी. मामानं नाटकाला नाही म्हणून कळवलं.

नवीन नाटक, मुख्य काम, पंधरा तारखेच्या रविवारपासून तालीम. दोन महिने त्याचंच चालू होतं घरात. आणि काल रात्री फोन करून म्हणाला, दुसरा कुणीतरी बघा, माझ्यानं आता लोकांना हसवणं होणार नाही. मामीच्या भावाच्या गोदामात खोकी मोजायला जाणार म्हणे! माझा मामा! खोकी!

नाटकवाले दिग्दर्शक चांगले आहेत. पुढच्या शनिवारपर्यंत थांबतो म्हणाले. त्यानंतर काम दुसऱ्याला.

आई कणीक मळता मळता थांबली. "लहानपणी ताप आला तरी डॉक्टरला हसवायचा गं तो. गप्प बसला की मला धडकीच भरते." मी म्हटलं, "मी बोलू का?" तर म्हणे, "तू बोललीस की सगळं बिघडतं." हे मात्र खरं आहे.

ठरलं! पिक्चर का पडला ते शोधून काढायचं. मामाची चूक नसेल तर त्याला तसं सांगायचं. असली तर... तर नाही सांगायचं.

८ मार्च, रविवार

तीन शो. हशे मोजले, दाराच्या मागे खडूनं रेघा मारून. तीन शोमध्ये मिळून अकरा! त्यातल्या दोन पडद्यावरच्या नाहीत — एक बाळ मोठ्यानं शिंकलं त्याच्या.

लोक बाहेर पडताना कान टवकारून उभी राहिले. एक आजोबा आजींना सांगत होते, "नट चांगले आहेत गं, पण आपल्या आधी तेच हसून घेतात. आपल्याला काही उरतच नाही!" कॉलेजची पोरगी मैत्रिणीला, "सहा जण एकदम बोलतात. माझ्या आत्याकडे गेल्यासारखं वाटलं." आणि एक जाडे गृहस्थ नुसतेच, "नाव सोनुबाई!" पुढचं बोलायची गरजच नव्हती.

माझं मत? मला पटकन काही सुचत नाही. दहावीला दोनदा आपटले, पिक्चरचं काय कळणार! पण एक सांगते. मामाचा सीन मी आता सात वेळा बघितला. तो तिजोरीसमोर बसतो, घरातले सगळे त्याच्या बोकांडी बसल्यासारखे वाकून बघतात. तो म्हणतो, "सगळ्यांनी माना फिरवा." सगळे फिरवतात. मग क्षणभर थांबतो. आणि मग — स्वतःचीही मान फिरवतो! स्वतःपासून गुपित! मला तर जाम हसू येतं. मग बाकीच्यांना का नाही?

मी हसते ती भाची म्हणून? असेल. हे मात्र लिहून बरं नाही वाटलं.

९ मार्च, सोमवार

डोकं चालेना. म्हणून मॅनेजरच्या खुर्चीला 'रंग ओला आहे' अशी पाटी लावली. दिवसभर उभा होता बिचारा.

१० मार्च, मंगळवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

नीट लिहिते. बाराचा शो. आत जेमतेम चाळीस टाळकी. मी बाहेर स्टुलावर बसून नखं खात होते. एकदम आतून हशा! मला वाटलं कोण पडलं. दार उघडलं तर कुणी पडलेलं नाही. लोक पडद्याकडे बघून हसतायत! परत हसले. परत! पाच-सात मिनिटं चाललं, आणि मग दिवा विझावा तसं बंद.

पळत वर मशीनच्या खोलीत. आमचे ऑपरेटर काका घामाघूम. "बाजूच्या भोंग्यांचा खटका पडला होता गं, आत्ता चढवला. खाली बोंबाबोंब झाली का?"

"बोंबाबोंब नाही काका, हसत होते!"

"चेष्टा पुरे."

मग त्यांना चहा आणून दिला आणि सगळं विचारून घेतलं. ते म्हणाले, पडद्यामागे मधोमध मोठा भोंगा आहे, त्यातून माणसं बोलतात. बाजूला आणि भिंतीवर आहेत त्यातून बाजा, गाणी, आणि ते टुंऽग, फुस्स, टॉंय-टॉंय. खटका पडला म्हणजे टुंऽग गेलं, माणसं राहिली.

मी तिथेच फतकल मारून बसले. मामा मान फिरवतो आणि लगेच — टुंऽऽग! कुणी काही बोललं की — फुस्स! सतत! त्या आवाजांनी आपल्याला कोपरखळी मारत राहायचं, बघा बघा, विनोद झाला, हसा! कोण हसणार?

अरे, हे तर माझं क्षेत्र! दहावीचं नाही, खोड्यांचं! खोडी काढली की तिथे उभं राहून खिदळायचं नाही, हा पहिला नियम. चौथीत बाईंच्या छत्रीत कागदाचे तुकडे भरले होते. माझी मैत्रीण आधीच फिसफिस करायला लागली, बाईंनी छत्री उघडलीच नाही. मार मला. या पिक्चरला तीच फिसफिसणारी मैत्रीण भेटलीय! नट सगळे भारी, खोडी पण बरी, पण ही बया प्रत्येक वेळी आधीच खिदळते!

मामाची चूक नाही. मामाची चूक नाही!

संध्याकाळी फोन केला. सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "गोड आहेस. ठेवतो."

पटलं नाही त्याला. मी त्याच्या जागी असते तर मलाही नसतं पटलं. ऐकवायला पाहिजे. गुरुवारी पिक्चर उतरतोय. म्हणजे हातात फक्त उद्या!

११ मार्च, बुधवार

केलं! खरंच केलं!

काका आधी नाही म्हणाले. "माझी नोकरी जाईल, भवाने." मी म्हटलं, "खटका काल आपोआप पडला ना? मग आजही पडेल. खटक्याला कोण विचारतंय?" काका बराच वेळ मशीन पुसत राहिले. मग म्हणाले, "तीनच्या शोला इंटरव्हलच्या आधी मी दहा मिनिटं चहाला जातो. रोजच जातो." रोज कधीच जात नाहीत!

आता मामा. पिक्चरचं नाव काढलं तर आलाच नसता. म्हणून फोनवर रडले. "मामा, मॅनेजरनं मला धरून ठेवलंय, घरचं कुणीतरी आल्याशिवाय सोडत नाही म्हणतोय!" "आता काय केलंस?" — एवढंच विचारलं. खरं वाटलं हो त्याला लगेच! इतका कसा विश्वास माझ्यावर!

पंधरा मिनिटांत आला. पायात एक बूट काळा, एक चॉकलेटी. मी हात धरला आणि सरळ आत, अंधारात, शेवटच्या रांगेत नेऊन बसवला. "खोटारडे!" म्हणून उठायला लागला. "दहा मिनिटं मामा. मग मला मार." आणि धूम वर! खटका खाली!

गाणं चालू होतं, त्याचं झालं पत्र्याच्या डब्यासारखं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मॅनेजर धावत आला. हा माणूस अर्धं वाक्य बोलून थांबतो, म्हणून आम्ही त्याला 'इंटरव्हल' म्हणतो. "आवाजाचं काय..." — थांबला. मी म्हटलं, "खटका पडला साहेब, काका येतायत." "मग तोपर्यंत..." — परत थांबला. तेवढ्यात गाणं संपलं आणि ते तिजोरीचं घर आलं.

मी खाली पळाले. मामाच्या मागे भिंतीला चिकटून उभी राहिले.

चावीवाला बसला. "सगळ्यांनी माना फिरवा." फिरवल्या. मग शांत. एकदम शांत, पंख्याचा आवाज येईल इतकं. आणि त्यानं स्वतःची मान फिरवली.

आधी पुढे एक बाई खुदकन हसली. मग तिच्या शेजारचा. मग सगळं थेटर! पन्नास-साठच माणसं, पण कसली हसली! एक बाई तर नवऱ्याच्या पाठीवर गुद्दे मारत होती. आणि दारात इंटरव्हल! पोट धरून! पूर्ण हसला, मध्ये न थांबता!

मामा हसला नाही. नुसता ताठ बसून होता. पडद्याकडे बघतच नव्हता — लोकांच्या डोक्यांकडे बघत होता, डावीकडून उजवीकडे, हळूहळू. दिवे लागायच्या आधी उठला आणि गेला. मला काहीच बोलला नाही. मारलंसुद्धा नाही.

१२ मार्च, गुरुवार

पिक्चर उतरला. पोस्टर मीच काढलं, सहा जणांना गुंडाळून ठेवलं.

इंटरव्हलला सगळं कळलंय. "खटका बिटका मला..." म्हणाला, आणि हातात पत्र्याची पट्टी दिली. शिक्षा — खुर्च्यांखालचं चघळलेलं च्युइंगम खरवडायचं, तीनशे बारा खुर्च्या. पण जाताना दारातून विचारलं, "आता येणारा पिक्चर पण विनोदी आहे. त्याला सुद्धा तो खटका..." वाक्य पुरं केलं नाही. मी पण नाही केलं.

मामाचा फोन नाही.

१३ मार्च, शुक्रवार

खुर्च्या १ ते १४०. फोन नाही. मामी म्हणते, खोलीचं दार लावून बसलाय.

१४ मार्च, शनिवार

आज शेवटचा दिवस. आई दर अर्ध्या तासानं फोनकडे बघते आणि मग माझ्याकडे, जसा काही फोन माझ्यामुळे गप्प आहे. मी म्हटलं, "ऐकलं त्यानं आई, माझ्यासमोर ऐकलं. लोक हसले." आई म्हणाली, "मग का नाही बोलत?"

माहीत नाही. लोक हसले तर माणूस खूश व्हायला पाहिजे ना? मी काहीतरी चुकीचं शोधलंय का? पिक्चरचं बरोबर शोधलं, मामाचं नाही, असं काही?

१५ मार्च, रविवार

सकाळी सात वाजता मामा दारात. दोन्ही बूट काळे. हातात नाटकाची वही.

"काल रात्री कळवलं त्यांना, येतो म्हणून. चल, आटप, तू पण येतेस."

"मी कशाला?"

जिन्यातच बसला. म्हणाला, "ती मान मी विनोद म्हणून नव्हती फिरवली गं. तिथं वाक्य होतं. विसरलो. कॅमेरा चालू, सगळे थांबलेले — लाज वाटली म्हणून तोंड फिरवलं. नाटकातसुद्धा दोनदा झालंय तसं. कुणाला सांगितलं नाही. तुझ्या मामीला पण नाही. मला वाटायचं, ते टुंऽग टाकून त्यांनी माझी चूक झाकली. बुधवारी टुंऽग नव्हतं, आणि लोक त्या चुकीलाच हसले."

मी त्याच्याशेजारी पायरीवर बसले. त्यानं वही माझ्या मांडीवर ठेवली.

"विंगेत बसायचं आणि वाचत राहायचं. मी अडलो की वाक्य द्यायचं. जमेल?"

"जमेल."

"पण लगेच देऊ नकोस. आधी थोडं थांब."