दुसरा मणका

३ तारीख, सोमवार
लागली एकदाची नोकरी! वैद्यकीय महाविद्यालयाच्या तळघरात सांगाडे जुळवायचे. जाऊबाईंनी नाक मुरडलं, पण माझी लेक खूश. तिला वाटतं, आई मोठ्या बाहुल्या करते. कामाच्या शेजारचीच खोली मला दिलीय. रविवारी लेकीला जाऊबाईंकडून इथे आणायचं, मग आम्ही दोघी राणीसारख्या राहू. इथले मास्तर म्हातारे, मवाळ. म्हणाले, नीटनेटका हात हवा होता. म्हटलं, मिळाला म्हणून समजा.

४ तारीख, मंगळवार
आज मान मोडून काम केलं. कणा खालून ओवायचा. आधी माकडहाड, मग कमरेचे पाच जाडजूड मणके, बरगड्या पेलणारे बारा, वर मानेचे नाजूक सात. मणक्यांमधल्या गाद्यांच्या जागी रबराच्या चकत्या, मज्जारज्जूच्या पोकळीतून सळई. सगळ्यात वरचा मणका म्हणजे नुसतं कडं. त्यावर कवटी पुढेमागे डुलते, म्हणून आपल्याला मान डोलावून 'हो' म्हणता येतं. दुसऱ्याला खुंटी असते, तिच्याभोवती ते कडं फिरतं, म्हणून 'नाही' म्हणता येतं. मास्तरांचा नियम एकच, ती खुंटी आणि जबडा सैल ठेवायचा. का, तर सांगाड्यालाही 'नाही' म्हणता आलं पाहिजे. मला हसूच आलं.

५ तारीख, बुधवार
कवटी बसवली, पण ध्यान दिसायला लागलं. डोकं कलतंय, जबडा लोंबतोय. मला असला गबाळेपणा बघवत नाही. मास्तर जेवायला गेले तेवढ्यात खुंटीत आणि जबड्याच्या सांध्यात सरस भरला. आता कसा ताठ, देखणा उभा आहे! काचेच्या कपाटात दोन मोठे स्टँड आहेत आणि एक छोटा. हा मोठ्यावर जाईल.

६ तारीख, गुरुवार
मान आखडली. डावीकडे वळत नाही, उजवीकडेही नाही. सांगाड्याचं तोंड काल भिंतीकडे होतं, आज माझ्याकडे आहे. सरस तपासला. खडखडीत वाळलाय.

७ तारीख, शुक्रवार
तोंड उघडेना. पाणीसुद्धा दातांच्या फटीतून. मास्तरांनी आधी माझी मान चाचपली, मग सांगाड्याची. रागावले नाहीत. नीटनेटकी माणसं हेच करतात, म्हणाले, म्हणून तर आम्ही नीटनेटकीच घेतो. मग मायेनं विचारलं, इथेच राहशील ना? मला 'नाही' म्हणायचं होतं. डोकं आपोआप पुढे झुकलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. मला फार भीती वाटतेय.

८ तारीख, शनिवार
पाठीत गार सळई उतरतेय. बरगड्यांपर्यंत आली. डोक्याचा निरोप पायांना पोचत नाही, नाहीतर कधीच पळाले असते. वाकता येत नाही, वही दिसत नाही, अंदाजानं लिहितेय.
जाऊबाई येऊन गेल्या. उद्या पोरीला आणू ना, विचारलं. मी हात हलवले, दाराकडे दाखवलं — आणि डोकं डोललं. हो, हो. कागदावर लिहून पुढे केला, तो मास्तरांनी हसत घडी करून खिशात घातला. अबोल झालीस गं, म्हणाल्या जाऊबाई, आणि गेल्या.
समोर सांगाडा मान हलवतोय. नाही, नाही. माझं 'नाही' त्याच्याकडे —

रविवार
कमरेचे पाचही गेले. मास्तरांनी मला मोठ्या स्टँडवर उभं केलंय. वही हातात राहू दिली. आता छोटा स्टँड पुसतायत —

आली. दारात आहे. जाऊबाई परत गेल्या, गाडीचा आवाज —

वहीच्या पानावर मोठ्ठं लिहिलं, पळ. तिच्यासमोर धरलं. ती हसली. तिला अजून वाचता येत नाही —

आई, आत येऊ का?

नाही. डोलणार नाही. डाव्या हातानं हनुवटी वर दाबून धरलीय. घट्ट. तरी खाली —