कुंडी फिरवायची सवय

तीर्थरूप बाबांना प्रयोगशाळेच्या बिनखिडकीच्या खोलीतून वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे, वेळेवर जेवते. आईला एवढंच वाचून दाखवा, पुढचं तुम्ही एकट्याने वाचा.

रोपाच्या पेशींना ‘आता विभागणी पुरे’ असं एक जनुक सांगतं. ते बिघडलं की एकीच्या दोन, दोनाच्या चार चालूच राहतं आणि पान नुसतं फोफावतं. आमच्या ट्रेमध्ये डावीकडे तसली रोपं, उजवीकडे धडधाकट. कोवळेपणी दोन्ही सारखीच दिसतात. नवव्या दिवशी पान कापून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या, हे माझं काम.

तुम्ही दर रविवारी कुंड्या अर्ध्या फिरवता ना, रोप एकीकडे झुकू नये म्हणून? तीच सवय माझ्या हाताला. पाणी घालताना मी ट्रे फिरवत आले. इथे दिवे छतालाच, झुकणार कुठे? पण डावं उजवीकडे गेलं, बिघडलेलं कुठलं नि धडधाकट कुठलं ते कळेना आणि आठ महिन्यांची मोजणी पाण्यात गेली.

लपवता आलं असतं. पण तुमचीच लेक, सरांना सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. फळ्यावरची प्रयोग संपायची तारीख पुसून पुढच्या वर्षीची लिहिली, बस. म्हणजे ताईच्या बाळंतपणाला मी नाही. पेशींना निदान ‘पुरे’ म्हणणारं कुणीतरी असतं.

ताईचे पाय अजून सुजतात का? तुमचा गुडघा?

मनाला लावून घेऊ नका. फक्त माझ्या खोलीतली कुंडी आता फिरवू नका. खिडकीकडे झुकली तर झुकू दे तिला.

तुमची,
धाकटी