लोकरीचे झेंडू

नोव्हाय, रविवार

प्रिय सावनी,

इथून जाताना तू तीन गोष्टी विसरलीस: दातांचा ब्रश, फोनचा चार्जर आणि आजी. पहिल्या दोन तू सांता क्लारात नव्या घेतल्या असशील. तिसरी अजून इथेच आहे, खिडकीशी बसलेली, आणि बऱ्यापैकी चालू आहे. दर रविवारी फोन करतेस, नाही म्हणत नाही. पण फोनवर तुझ्या बाबाचं नाव काढलं की तुला मीटिंग येते. रविवारी कसली गं मीटिंग? म्हणून पत्र. पत्र मध्येच कट करता येत नाही.

अक्षर ओळखलंस ना? हो, तुझा बाबाच लिहितोय. सुचित्रा लिहून देते म्हणत होती, पण तुझ्या आईला मी मुद्दाम भाजी आणायला पिटाळलंय. कुमारला बजावलंय, मी बोलेन ते सगळं उतरवायचं, मध्ये बोलायचं नाही आणि स्वतःची अक्कल घालून काही गाळायचं नाही. मला अक्षर येत नाही, त्यामुळे पत्र पोचलं की तू ते मला फोनवर पहिल्यापासून वाचून दाखव. एक शब्द कमी निघाला तर याचं जेवण बंद. हेही लिही रे.

इथे तीन आठवडे बर्फ आहे. सकाळी दोघं आपापल्या गाडीने निघून गेली की घरात घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा घुर्र आवाज आणि मी. रस्त्यावर माणूस चालताना दिसत नाही. टपालाची गाडी येते, तिच्यातली बाई हात करते, मीही करते. आमची एवढीच ओळख, पण रविवारी ती येत नाही तर चुकल्यासारखं होतं. संध्याकाळी तुझा बाबा येतो. गॅरेजचं दार वाजतं, मी चहा ठेवते, चहा उकळून आटतो तरी हा आत येत नाही. गाडी बंद करून दहा-दहा मिनिटं नुसता बसून असतो. तुझ्या खोलीतली ऊब मात्र एक दिवस बंद करू देत नाही. रिकाम्या खोलीला कशाला, असं सुचित्राने एकदाच विचारलं. आता कुमार, मान वर करून माझ्याकडे बघू नकोस, लिही.

दोन वर्षं झाली त्या संक्रांतीला. लॅन्सिंगला वसुधाकाकूंकडे हळदीकुंकू होतं आणि तू मला तुझ्या नव्या गाडीतून नेत होतीस. पुढच्या गाडीपासून आपोआप मागे राहणारं ते क्रूझ लावलंस आणि पाय आखडून बसलीस. बर्फात ते लावायचं नसतं, हे बापाने तुला शंभरदा सांगितलं होतं. तेवढी चूक तुझी, ती मी माझ्या अंगावर घेणार नाही. मी आमच्या गावच्या सोनारणीची नक्कल करत होते, तू खदाखदा हसत होतीस. कसलीशी टिंग वाजली आणि समोर पिवळी अक्षरं लागली. मला वाटलं, गाडीही हसली. मग पुढे मीठ टाकणारा तो मोठा ट्रक हळू चाललेला. तू वाट बघितलीस, की गाडी आपणहून हळू होईल. ती झाली नाही. मग तू करकचून ब्रेक दाबलास आणि आपण घसरत खड्ड्यात. माझं मनगट मोडलं, तुला खरचटलंही नाही. देवाने बरोबर माणूस निवडला.

गाडी आपणहून हळू झाली नाही, असं तू दवाखान्यात सांगितलंस, त्यावर कुमार काय म्हणाला, ते तुला पाठ असेल. गाडीच्या नाकावरच्या बिल्ल्यामागे ते यंत्राचे डोळे असतात, त्यावर बर्फाचा कणही नव्हता, मी स्वतः बघितलं, मग ते बंद पडेलच कसं? तू फोन बघत होतीस आणि वर खोटं बोलतेस. ज्याच्या हातून असली यंत्रं तपासून जातात, त्याच्यापुढे तू काय बोलणार? तू रडलीससुद्धा नाहीस. दोन महिन्यांत नोकरी बदललीस आणि गेलीस. दोन दिवाळ्या झाल्या.

आता कुमार, पेन घट्ट धर.

त्या सकाळी तू वर साडी नेसत होतीस तेव्हा मी गॅरेजमध्ये गेले होते. नव्या गाडीची पहिली संक्रांत, आणि जानेवारीत इथे झेंडू कुठला मिळायला? म्हणून मी लोकरीचे झेंडू विणून माळ केली होती, एकवीस फुलांची. ती गाडीच्या नाकावर बांधली, मधलं मोठं फूल बरोबर त्या बिल्ल्यावर. तू बाजूच्या दाराने आलीस, गाडी मागे काढलीस, तुला काही दिसलं नाही. रस्त्यावरचा चिखल-बर्फ लोकरीत शिरून गोठला. तू खड्ड्यात उभी राहून मदतीला फोन करत होतीस, तेव्हा मी पुढे जाऊन चांगल्या हाताने माळ ओढून काढली. पापडासारखी कडाकडा मोडली. गाडी ओढून नेतील आणि माझी माळ जाईल, एवढंच तेव्हा मनात होतं. दवाखान्यात ती कोटाच्या खिशात वितळली, आणि नर्सबाईंना माझ्याविषयी भलताच संशय आला.

पण कुमार तसं बोलला तेव्हा खिशातला तो ओला गोळा माझ्या हातात होता, सावनी. खोटं कशाला बोलू, तेव्हाच मनात आलं, ही माळच त्या डोळ्यांच्या आड आली असेल. गाड्यांना काही बांधायचं नाही, असं त्याने मला आधी बजावलेलं. वाटलं, ही म्हातारी घरात ठेवण्यासारखी नाही, असं म्हणेल. मी डोळे मिटून गुंगी आल्याचं सोंग केलं. आणि परवा, या मंगळवारी, तो मला डोळे तपासायला नेत होता. बर्फ पडत होता, तीच टिंग, तीच पिवळी अक्षरं. त्याने गाडी बाजूला घेतली, हातमोज्याने तिचं नाक पुसलं आणि म्हणाला, पुढे बर्फ चिकटला, गाडीला दिसेना. मला मात्र सगळं दिसलं.

मध्ये त्याने पेन खाली ठेवलं होतं. खिडकीकडे बघत होता. मला घाई नव्हती.

आता पुन्हा घेतलंय. तर पोरी, हे पत्र यासाठी, की तू खोटं बोलली नव्हतीस हे तुला त्याच्या हातच्या अक्षरात मिळावं. माझ्या तोंडून ऐकून उपयोग नाही, तू म्हणशील आजी सांभाळून घेते. मला माफ करायचं की नाही ते तुझं तू बघ. तुला स्वतःचं काही लिहायचंय का, असं त्याला विचारलं. तो म्हणतो, आधी पाकीट करतो. त्याने पाकिटावर पत्ता घातलासुद्धा. मला वाटलं होतं फोनमध्ये बघेल. नाही बघितला. तुझ्या त्या घरी तो एकदाही आलेला नाही, पण गल्लीपासून घराच्या नंबरापर्यंत सगळं त्याला पाठ आहे.

तुझीच, खिडकीतली
आजी

ता. क. तिकडचा मऊ खजूर पाठव, बिया काढलेला, मला चावायला दात उरलेले नाहीत. दोन वेगळी पाकिटं कर आणि दुसऱ्यावर तुझ्या हाताने 'बाबा' लिही.