पायांना सूज, ओठांना लाली

अटलांटा,
सोमवार, ४ मार्च १९९६

ती. व्हर्डेलमावशीस,
ज्युनेलचा पोटासकट नमस्कार. वाकता येत नाही, एवढं समजून घे.

तुझ्या पीचच्या मुरांब्याची बरणी अल्टननं, तुझ्या लाडक्या जावयानं, एकट्यानं संपवली आणि वर मलाच म्हणतो, गरोदर बायका फार खातात! मासिकाचं काम जोरात आहे. काळ्या बायकांसाठी आरोग्याचं मासिक म्हटल्यावर ज्यांनी नाकं मुरडली, तेच आता जाहिराती घेऊन येतात. मेच्या अंकात माझाच लेख आहे, डॉक्टर ऐकून घेत नसतील तर काय करावं यावर.

सातवा महिना सरला. डोकं सारखं ठणकतं, आणि अंगठ्या बोटांत इतक्या रुतल्या की साबण लावून काढाव्या लागल्या. शुक्रवारी डॉक्टरांकडे गेले होते. आपल्या घरच्या रिवाजाप्रमाणे, चर्चला जावं तशी नटून. निळा सूट, मोत्यांची माळ, उंच टाचांचे बूट कसेबसे पायांत कोंबले. चेहरा सुजला होता, त्यावर पावडर आणि लाली. नीटनेटकं दिसलं की नीट वागवतात, हे आपल्यात कुणाला शिकवावं लागतं? डॉक्टर मला बघून म्हणाले की तुम्ही तर झकास दिसताय, प्रेशर जरा वर आहे, पण पहिलटकरणीला धास्ती असतेच, दोन आठवड्यांनी या. मी हसून आभार मानले. अधूनमधून डोळ्यांपुढे काजवे चमकतात, ते सांगायचं राहिलंच. उगाच कटकटी बाई म्हणाले असते.

तू काळजी करू नकोस. राग आला तरी लोभ असू दे.
तुझी,
ज्युनेल


हॅझलफोर्ड, ॲलाबामा,
बुधवार, ६ मार्च

चि. ज्युनेल हिला,
आशीर्वाद मागाहून. आधी पर्स उचल आणि मोठ्या इस्पितळात जा.

तुझ्या फोनच्या त्या निरोप घेणाऱ्या यंत्रावर मी सकाळपासून ओरडतेय. तू स्वतः उचललास तरी हो मावशी, हो मावशी करून ठेवून देशील, मला माहीत आहे. म्हणून ही चिठ्ठी अटलांटाच्या बसचा ड्रायव्हर लूथर हातोहात आणून देईल. तू गाडीत बसेपर्यंत दारातून हलायचं नाही, अशी त्याला तंबी दिलीय.

अगं, लोका सांगे ब्रह्मज्ञान! साऱ्या बायकांना शहाणं करायला निघालीस आणि स्वतः मात्र डॉक्टरांपुढे गोड हसून आलीस? मी नर्सची नोकरी सोडली, पण डोळे सोडले नाहीत. सूज, डोकेदुखी, वर चढलेलं प्रेशर आणि डोळ्यांपुढे काजवे. ही धास्ती नव्हे पोरी, यात आई जाते आणि मूलही जातं. दर रविवारी रेडिओवर अर्धा तास मी हेच घसा फोडून सांगते. माझीच भाची तेवढी ऐकत नाही.

आता नीट ऐक. लाली पूस. ते मेले बूट फेक, सपाता घाल. डोक्याला झोपतानाचा रुमाल असेल तर तसाच राहू दे. सुजलेले पाय त्यांच्या नाकासमोर धर. सगळं सांग, लघवी तपासा म्हण. नाही म्हणाले, तर नकार कागदावर लिहून, सही करून माग. तोवर तिथून हलायचं नाही.

नीट कपडे ही आपली ढाल होती, कबूल. तुझ्या आजीला इस्त्रीच्या कपड्यांशिवाय कुणी बाई म्हणत नसे. पण ढालीनं आपलंच दुखणं झाकलं जात असेल, तर ती चुलीत घाल. मला फार भीती वाटतेय, ज्युनेल.

लोभ उदंड आहे, तो घ्यायला जिवंत राहा.
व्हर्डेलमावशी


अटलांटा,
शुक्रवार, १५ मार्च

ती. मावशीस,
ज्युनेलचा आणि एका नव्या माणसाचा नमस्कार.

फोनवर रडण्यापलीकडे काही बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. लूथर खरंच दारात खांबासारखा उभा राहिला. मी रुमाल बांधून, सपाता घालून गेले. लाज वाटली गं, खोटं कशाला सांगू? नोंदणीच्या खिडकीतल्या बाईनं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं की आज वेळ ठरलेली नाही, घरी जा. मी तिला नकार लिहून मागितला. ती आत गेली आणि दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. त्यांनी माझे पाय पाहिले, प्रेशर पाहिलं, आणि मग सगळेच धावायला लागले. दिवस मावळायच्या आत पोट उघडून मुलगी बाहेर काढली. नंतर बाई म्हणाल्या की उद्यावर टाकलं असतं तर दोघीही हाती लागला नसतात.

पोरगी काचेच्या पेटीत आहे, दोन किलोचीसुद्धा नाही. पण नर्सचं बोट धरलं की सोडत नाही.

लेख मी फाडला आणि नवा लिहिला. संपादकीणबाईंचं म्हणणं, नाव गाळू या आणि फोटो हसरा घेऊ, आपल्या बायकांना उभारी देणारं हवं. मी सांगितलं, नाव माझंच जाईल आणि फोटो सुजलेल्या तोंडाचाच. नाहीतर दुसरी लेखिका शोधा. छापतायत.

तू हे पत्र रेडिओवर वाच, नावासकट. लोभ तर तू वाढवलासच, वर आयुष्यही.
तुझी,
ज्युनेल


हॅझलफोर्ड,
सोमवार, १ एप्रिल

चि. ज्युनेल आणि चिमुरडी,
दोघींना ओंजळभर आशीर्वाद.

मागच्या रविवारी रेडिओवर तुझं पत्र वाचलं. चर्च सुटल्यावर आपली हॉर्टेन्सताई जांभळी टोपी सावरत अंगावर आली. म्हणाली, आपल्या आयांनी उन्हातान्हात राबून आपल्याला चारचौघांत उभं राहायला शिकवलं आणि तू बायकांना झोपायच्या कपड्यांत दवाखान्यात पाठवतेस! मी म्हटलं, बाई, तुझी छाती सहा महिने जळतेय ना, डॉक्टरला सांगितलंस का? मंगळवारी गावच्या दवाखान्यात डोकावते तर काय, घरच्या झग्यात, विनाटोपी हॉर्टेन्स! आणि तिच्यामागे आणखी बायका, बूट काढून बसलेल्या.

गुरुवारी दवाखान्यातून आमच्या रेडिओच्या मॅनेजरला फोन. या बायका सगळं सांगितल्याशिवाय आणि तपासून घेतल्याशिवाय उठत नाहीत, बसायला जागा उरली नाही, तेव्हा त्यांना घरी बसायला सांगा. मॅनेजर बिचारा घामाघूम. हात जोडून म्हणाला की मावशी, तेवढी सूचना सभ्य शब्दांत देऊन टाका.

दिली की! काल सकाळी अगदी सभ्य शब्दांत सांगितलं, दवाखान्यात खुर्च्या कमी पडतायत. पाद्रीबाबांनी चर्चच्या घडीच्या खुर्च्या द्यायचं कबूल केलंय, येताना प्रत्येकीनं आपली घेऊन यावी.

लोभ आहेच. आता निघते, ट्रकमध्ये खुर्च्या चढवायच्यात.
व्हर्डेलमावशी