बुंदीचं वजन

ऐरोली,
रविवार

प्रिय क्रांती,

कुरियरवाल्यानं आईचं पत्र हातात दिलं की तुला वाटेल, आईचा मोबाइल पुन्हा बादलीत पडला. मोबाइल ठणठणीत आहे. पण आपल्या घरात फोन म्हणजे स्पीकर, आणि स्पीकर म्हणजे शेजारी तुझे पप्पा. मेसेज करायचा तर मी सांगणार आणि तेच टाइप करणार. मग त्यांच्यापासून लपवून तुला काही सांगायचं, तर हाच एक रस्ता उरला. आत्ता ते बुंदीला घेऊन खाली गेलेत, तेवढ्यात लिहून काढते. अक्षर वाकडंतिकडं येतंय, कारण एक डोळा दाराकडे आहे. मला भीती वाटतेय, क्रांती. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीला गप्प बसवणारी तुझी आई भ्यायली आहे, असं समज.

बुंदीचं तुला फोनवर सांगितलंच होतं. मागच्या पायांचे खुबे झिजलेत आणि त्यावर हा एवढा देह. डॉक्टर बाई म्हणाल्या, वजन उतरलं नाही तर हिचे मागचे पाय कायमचे जातील, आणि एवढ्या मोठ्या कुत्रीचे पाय गेले की पुढे फार काही हातात राहत नाही. त्या दिवसापासून मी कंबर कसली. तिचं खाणं वाटीनं मोजून द्यायला लागले. खारी बंद, पाव बंद. मध्ये भूक लागली तर उकडलेला दुधी. फरशीवर पाय घसरतात म्हणून घरातल्या सगळ्या सतरंज्या काढून अंथरल्या, आता आपलं घर लग्नातल्या वऱ्हाडाच्या जानोशासारखं दिसतं. तिची गादी हॉलमध्ये आणली, पप्पांच्या बसायच्या जागेला लागून, म्हणजे तिला उठून कुठे जावंच लागू नये. फिरायला नेताना पप्पा तिच्या पोटाखालून टॉवेल घालतात, मागचा भार स्वतः उचलतात आणि दोघं हळूहळू गेटपर्यंत जाऊन येतात. बुंदी माझ्याकडे असं बघायची की मीच तिची सासू आहे. पण मी मन घट्ट केलं होतं.

महिन्यानं काट्यावर उभी केली, तर वजन वाढलेलं! डॉक्टर बाईंनी माझ्याकडे पाहिलं, गृहपाठ न केलेल्या पोरीकडे बघतात तसं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरातून काही जात नाही, मग नक्की खालून कोणीतरी देतंय. माझा संशय गेला आपल्या वॉचमनवर, तळवलीच्या विलासवर. त्याच्या केबिनमध्ये बिस्किटाचा पुडा कायम उघडा असतो. मी खाली उतरून त्याला चांगला फैलावर घेतला. बिचारा कानाला हात लावून म्हणाला, "मावशी, शपत घेतो, एक बिस्कुट पन नाय दिला. तिचं पाय बगून मनाच डेरिंग नाय होत." मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

इकडे पप्पा मात्र बारीक होत होते. तूच व्हिडिओ कॉलवर म्हणाली होतीस, पप्पा कसले स्मार्ट दिसताय. खालच्या मजल्यावरची सबिहा तर जिन्यात भेटली की सुरूच होते, "भाऊ, बुंदीला बारीक करता करता तुमीच हिरो झालात की! आमच्या ह्यांना पण न्या ना टॉवेल धरायला." पप्पा नुसते हसायचे. मीही कौतुकानं सगळ्या पॅन्ट्स टेलरकडून कंबरेत आत घेऊन आणल्या. महिन्याभरात त्या पुन्हा ढगळ झाल्या तेव्हा मला वाटलं, टेलरनंच घोळ केला. मी त्याच्याशीही भांडून आले.

तुला पप्पांचं जेवण माहीत आहे. वसतिगृहात अर्धपोटी शिकलेला माणूस, ताटात शीत राहिलेलं त्यांना खपत नाही. तू लहानपणी कारल्याची भाजी टाकायचीस तेव्हा ती संपेपर्यंत तुझ्यासमोर बसून राहायचे. तुर्भ्याच्या कंपनीतून कितीही दमून आले तरी ताट असं पुसून ठेवायचे की मला घासताना लाज वाटावी. त्यामुळे माणूस जेवला की नाही हे मी कधी तोंडाकडे बघून ओळखलंच नाही. ताट रिकामं म्हणजे पोट भरलं, हा आपल्या घरचा हिशेब. आताही ताट रोज लख्खच येत होतं.

मग एका दुपारी टीव्ही बंद होता. मी गरम भाकरी घेऊन स्वयंपाकघरातून आले. पप्पा पाठमोरे बसले होते आणि समोरच्या टीव्हीच्या काळ्या काचेत त्यांचा चेहरा मला दिसत होता. त्यांनी घास तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि गिळायला गेले, तर तो उतरेना. छातीवर हात धरला, डोळ्यांत पाणी आलं. मग घास हळूच काढून तळहातावर घेतला आणि हात बाजूला बुंदीच्या तोंडाशी नेला. तिनं आवाज न करता खाल्ला. दोघांना सवय होती गं. पुढची अख्खी भाकरी त्यांनी तोडून तिलाच घातली, आमटीचं पाणी तेवढं स्वतः प्यायले आणि बोटानं ताट पुसून घेतलं.

मी तशीच मागे फिरले. भाकरी हातात होती, पोळत होती, तरी कळलं नाही. त्यांचं एकेक आठवायला लागलं. उकाडा आहे, पातळ काहीतरी कर. दात दुखतोय, भात मऊ कर. चहा बशीत ओतून थोडा थोडा. आणि तुझे मोठे काका आठवले. त्यांचं असंच सुरू झालं होतं, आधी भाकरी अडकायची, मग भात, मग पाणी. शेवटचे महिने पप्पांनीच त्यांना दवाखान्यात सांभाळलं, नळीनं दूध घातलं. क्रांती, ह्या माणसाला सगळं माहीत आहे. म्हणूनच तो गप्प आहे. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, घशाला काही होतंय का? तर खेकसले, "मला काय धाड भरलीय? आधी तिचे पाय नीट होऊ दे, मग माझं बघू."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या वेळी मी बुंदीला आतल्या खोलीत ठेवायला लागले. डॉक्टरांनी सांगितलंय, अशी थाप मारली. पहिल्या दिवशी पप्पा ताटासमोर बसून राहिले. दाराकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, भूक नाही आज. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांच्या ताटात अन्न बघितलं. त्यांनी स्वतःच त्यावर दुसरं ताट झाकलं, मला दिसू नये म्हणून. तेव्हापासून मी पेज करते, मुगाचं कढण करते. त्यातलंही निम्मं उरतं.

काल बुंदीला काट्यावर नेलं. वजन उतरलंय, चांगलं घसघशीत उतरलंय. डॉक्टर बाईंनी टाळ्या वाजवल्या, पप्पांनी तिला मिठी मारली. मी बाहेर बाकावर येऊन बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले. तोवर मनात एक वेडी आशा होती की मला त्या काचेत चुकीचं दिसलं असेल.

तर आता नीट ऐक. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळची वेळ मी घेतली आहे, घशाच्या डॉक्टरांची. पप्पांना सांगितलंय की बुंदीची तपासणी आहे. तिला धरायचं म्हणजे ते येणारच, दुसऱ्या कुणाच्या हातात टॉवेल देत नाहीत. विलासची मी माफी मागितली आहे, तो दवाखान्याबाहेर रिक्षात बुंदीजवळ थांबेल. माझ्या शब्दाला ते जुमानणार नाहीत, रस्त्यातच रिक्षा थांबवून उतरतील. तुझ्यापुढे मात्र आजवर त्यांचं काही चाललेलं नाही, घरात कुत्रा नको म्हणत असतानाही बुंदीला तू आणलीसच. तू आदल्या दिवशी, बुधवारी ये. बुंदीला बघायला आले म्हण. रिक्षा तिच्या दवाखान्याकडे न वळता सरळ जाईल, तेव्हा तू शेजारी असलीस तर ते नुसते बाहेर बघतील. त्या वेळी त्यांचा हात तू धर. मला तो धरवणार नाही, क्रांती. मी धरला तर त्यांना कळेल की मी किती घाबरलेय.

खाली बुंदी भुंकली, आले वाटतं.

तुझीच,
आई