डब्यात नसलेल्या सोंगट्या

ती. दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात वाकले असं समज.) तुझा रक्तदाब आणि वहिनीचा गुडघा दोन्ही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. आमच्याकडे सगळं ठीक. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण बाबा शेजारी खुर्ची ओढून बसतात, आणि मग तुम्ही दोघं हवापाण्याबद्दल बोलून फोन ठेवता. म्हणून पत्र. घाई काहीच नाही, सवडीने वाच.

विषय आपल्या शब्दांच्या खेळाचा. आमच्या कवळ्यांच्या कारखान्यात (आता त्याला डेंटल लॅब म्हणायचं, दात तेच) एका मुलीने मोबाइलवर तो मूळचा परदेशी खेळ दाखवला. मग मी तिला त्याचा सगळा इतिहास ऐकवला, बाबा आपल्याला ऐकवायचे तसा. तो काढणारा गृहस्थ इमारतींचे नकाशे करायचा, मंदीत काम गेलं, घरी बसून त्याने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजली, कुठलं किती लागतं ते ठरवलं, आणि पुढे कित्येक वर्षं तो खेळ कुणी घेईना. बाबांना यातलं काम गेल्याचं तेवढं लगेच पटलं होतं, कारण त्यांचा तसबिरींच्या फ्रेमांचा कारखाना नुकताच बंद पडला होता. उरलेल्या सोनेरी पट्ट्यांच्या त्यांनी सोंगट्या कापल्या, डब्यात प्रत्येकीला वेगळी खाच केली आणि तेही अक्षरं मोजायला बसले. आता माणसाने बातम्यांचं पान घ्यावं की नाही? बाबांनी घेतलं लिलावाच्या जाहिरातींचं. गाळे, माळे, फळ्या, जळाऊ लाकूड. त्यामुळे आपल्या डब्यात 'ळ' पोत्याने, आणि 'स' शोधून सापडत नाही. काना, मात्रा, वेलांटी ज्याने त्याने मनात धरायची, आणि भांडण झालं की निकाल आईचा. ती नेहमी हरणाऱ्याच्या बाजूने निकाल द्यायची.

दुसरा नियमही तिचाच. घरातून कुणी गावाला निघालं की एक सोंगटी खिशात घालून न्यायची, आणि ते माणूस परत येईपर्यंत कुणी जिंकलं असं म्हणायचं नाही. मी शाळेच्या सहलीला गेले तेव्हा 'ढ' नेला होता. (तूच सुचवलास. विसरलेले नाही.) तू नोकरीसाठी निघालास तेव्हा सगळ्यांच्या देखत कोरी सोंगटी उचललीस, कुठलंही अक्षर म्हणून चालणारी. बाबा अजून म्हणतात, पोरगा हुशार, नेमकी तीच नेली. परिणाम असा की तू गेल्यापासून या घरात कुणीही जिंकलेलं नाही. (मी पुढे आहे, एवढं लक्षात असू दे.)

आईला इस्पितळात न्यायचं ठरलं, गाडी दारात उभी, आणि ही बाई चपला काढून परत आत. डबा उघडून एक 'ळ' घेतला. बाबा वैतागले, "अगं, परवा तर परत येशील, सोंगटी कशाला?" ती म्हणाली, "नियम तो नियम. आणि ळ पुष्कळ आहेत, तुमचं काही अडायचं नाही." पुढचं तुला ठाऊक आहे. तुला तेव्हा येता आलं नाही, ते आम्ही समजून घेतलं. (मी जरा उशिराने घेतलं.) इस्पितळातून तिचा चष्मा आला, फणी आली, सोंगटी आली नाही. ती तिच्या मुठीत होती, आणि बाबांनी मूठ कुणाला उघडू दिली नाही. दादा, मला तिची फार आठवण येते. सगळ्यात जास्त दुपारी येते, आम्ही डबा उघडतो तेव्हा.

बाबा खेळतात, पण खेळता खेळता तिच्या 'ळ'च्या मोकळ्या खाचेकडे बघत राहतात आणि पाळी विसरतात. म्हणून मी शहाणपणा केला. कारखान्यात कुणा आजोबांच्या कवळीचा मसाला उरला होता, त्याचा एक 'ळ' ओतला. चहात बुडवून जुना केला, कडेला सोनेरी रंग दिला आणि गुपचूप खाचेत बसवला. बाबांनी तो उचलला, नखाने वाजवला, नाकाशी धरला. "याला हिरडीचा वास येतो," म्हणाले. मी हसले, तेही हसले. मग त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "आपलं माणूस बाहेर असलं की त्याची जागा भरायची नाही, बाळ." आता तो माझ्या टेबलावर असतो, कागद उडू नयेत म्हणून.

तर असं आहे. आम्ही मजेत आहोत. कामधाम सोडून धावपळ करू नकोस. वहिनीला नमस्कार, मुलांना पापा.

तुझी,
धाकटी

ता. क. कोरी सोंगटी जपून ठेवली आहेस ना? हरवली असेल तरी ये. मसाला अजून आहे माझ्याकडे. (बाबांना वास येईल, पण तुला बघून ते काही बोलायचे नाहीत.)

आणखी एक ता. क. मघाशी पाकीट चिकटवणार होते, तेवढ्यात डबा आवरायला घेतला. आणखी एक 'ळ' कमी आहे. खाटेखाली पाहिलं, उशा झटकल्या. बाबा म्हणाले, "शोधू नकोस," आणि सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. मी विचारलं, "कुठे निघालात?" तर म्हणाले, "अजून नाही. त्याचं यायचं कधी ठरतंय ते आधी विचार."

वर घाई नाही असं लिहिलं आहे, ते खोडलं असं समज.